मास्तरांची नात उशीवर पाय ठेवून झोपते

धरमपेठेत ट्रॅफिक पार्कच्या बाजूच्या गल्लीत पोह्यांच्या ठेल्यासमोर जी बुटकी भिंत आहे, तिच्यावर रविवारी सकाळी आमचा हक्क असतो, आणि तो महापालिकेनेही अजून नाकारलेला नाही. गेल्या रविवारी विषय मास्तरांनी काढला आणि पुढे तो त्यांनाच आवरेना. बोलणे अर्थातच आमच्या नागपुरी वळणाचे झाले. इथे ते इस्त्री करून ठेवले आहे.

स्वीडनच्या बालसाहित्य पुरस्काराची बातमी सगळ्यांनीच वाचलेली होती. 50 लाख क्रोनर म्हणजे आपले चार कोटींच्या घरातले रुपये, आणि ते पोरांसाठी लिहिणाऱ्याला मिळतात, यावर वकीलसाहेबांचे दोनदा आश्चर्य व्यक्त करून झाले होते. मास्तरांची तक्रार वेगळीच होती. ज्या बाईंच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो, त्या स्वीडनच्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांचे पिप्पी नावाच्या मुलीवरचे पुस्तक त्यांनी, नाव एवढे मोठे आहे तर संस्कारही तेवढेच मोठे असतील अशा हिशेबाने, चौथीतल्या नातीला वाढदिवसाला दिले होते. आणि ते वाचून झाल्यापासून नात पिप्पीसारखी उशीवर पाय आणि पायथ्याला डोके अशी झोपते, फाटकापासून दुकानापर्यंत उलटी चालत जाते आणि पोळ्या जमिनीवर लाटून पाहायच्या म्हणून आईशी भांडते.

“नऊ वर्षांची मुलगी,” मास्तर उजव्या हाताची तर्जनी अशा बेताने हलवीत म्हणाले, की समोर आम्ही नसून फळा असावा, “आई देवाघरी गेलेली, बाप समुद्रात हरवलेला, घरात माकड आणि व्हरांड्यात घोडा, सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी, शाळेचे नाव नाही, आणि एवढे असून शेवटपर्यंत तिचे काहीही वाईट होत नाही! मग पोरांनी यातून घ्यायचे काय?”

“घोडा,” सीए म्हणाला.

ताई तोवर पोह्यांवर तर्री ओतून घेत होत्या. वाचनालयाच्या देवघेव विभागात त्यांची उभी हयात गेली आहे, आणि कोणते मूल कोणते पुस्तक मुदतीआधीच परत आणते आणि कोणते पुस्तक हरवले म्हणून दंड भरून घरीच ठेवून घेते, हे पाहत आल्यामुळे बालसाहित्यावरच्या व्याख्यानांची त्यांना फारशी भीती वाटत नाही. त्या म्हणाल्या, “सर, तुमचे हे मत 1946 सालीच छापून आले आहे. जॉन लांडक्विस्ट नावाच्या प्राध्यापकांनी त्या पुस्तकावर लिहिले होते, की कोणतेही सामान्य मूल चहापाण्याला गेल्यावर अख्खा केक फस्त करीत नाही आणि जमिनीवर साखर सांडून तिच्यावर अनवाणी चालत नाही.”

एका प्राध्यापकाचा पाठिंबा मिळाल्याने मास्तरांचा चेहरा उजळला. ताईंनी तो आनंद एक घास संपेपर्यंत टिकू दिला आणि म्हणाल्या, “स्वीडनच्या बाहेर त्या प्राध्यापकांचे नाव ज्या कोणाला ठाऊक असेल, त्याला ते त्या एका लेखामुळेच ठाऊक असते. मुलांनी मात्र तो लेख वाचलाच नाही, सर. तेव्हा ती पुस्तक वाचण्यात गुंतलेली होती.”

मग ताईंनी त्या पुस्तकाची जन्मकथा सांगितली. 1941 साली बाईंची सात वर्षांची मुलगी कारिन न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. तिने आईकडे गोष्ट मागितली आणि नायिकेचे विचित्र नाव, पिप्पी, तिनेच तिथल्या तिथे बनवून दिले. गोष्टी तोंडीच चालू राहिल्या. 1944 च्या मार्चमध्ये स्टॉकहोममध्ये बर्फावरून घसरून बाईंचा पाय मुरगळला, झोपून राहण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्या लघुलिपीत उतरवून काढल्या. टंकलिखित प्रत मुलीला दहाव्या वाढदिवसाला मिळाली, आणि दुसरी बोनियर या बड्या प्रकाशकाकडे गेली. सोबतच्या पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिले होते, की तुम्ही बालकल्याण मंडळाला कळवणार नाही अशी आशा आहे. बोनियरने हस्तलिखित परत पाठवले. पुढच्या वर्षी तेच सुधारून त्यांनी राबेन आणि शोग्रेन या छोट्या प्रकाशनाच्या स्पर्धेला दिले, पहिले बक्षीस मिळवले, आणि नंतर त्याच प्रकाशनात 1946 पासून 1970 पर्यंत बालपुस्तकांच्या संपादक म्हणून नोकरी केली.

“म्हणजे दुसऱ्यांची हस्तलिखिते परत पाठवायलाच बसल्या,” वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा एक कथासंग्रह बरीच वर्षे कोणी छापलेला नाही, हे ध्यानात घेऊन आम्ही गप्प राहिलो.

मास्तरांनी इथे आपले ठेवणीतले शस्त्र काढले. बालसाहित्य कसे असावे ते साने गुरुजींनी 1933 सालीच ‘श्यामची आई’ लिहून दाखवून दिले आहे, त्यातली माउली पोहायला जायला घाबरणाऱ्या लेकराला शिंपटीने मारते, आणि म्हणूनच श्याम श्याम होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते ऐकताच आमच्या सीएने ताटली भिंतीवर ठेवली आणि उजवा हात पुढे केला. सातवीत तो मास्तरांच्या वर्गात होता. चुकलेल्या प्रत्येक गणितामागे “हात पुढे कर” अशी आज्ञा होई आणि पोलादी फूटपट्टी बोटांच्या पेरांवर बसे, तीही सपाट नव्हे, कडेने. मधल्या बोटाचे पेर अजून थोडे फुगीर आहे, ते त्याने आम्हा प्रत्येकाला चाचपून पाहायला लावले. हे पेर आम्ही यापूर्वीही पाहिले आहे. त्याच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाहिले आहे.

“काऊन सर, आठवते का?”

“त्या पट्टीमुळेच तू आज सीए आहेस,” मास्तर अढळपणे म्हणाले.

“पट्टी तर अख्ख्या वर्गाच्या बोटांवर बसली असेल, सर,” ताई म्हणाल्या, “सीए एकच झाला.”

मास्तरांना पाण्याची गरज भासली. ते पाणी पीत असताना ताईंनी 1978 चा प्रसंग काढला. जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार त्या वर्षी लिंडग्रेनबाईंना मिळाला. फ्रँकफुर्टच्या समारंभात करायच्या भाषणाचा मजकूर आधी वाचून आयोजक बिचकले आणि त्यांनी सुचवले, की बाईंनी भाषण न करता आभार मानून पुरस्कार स्वीकारावा. मग मी येतच नाही, असे बाईंनी कळवले, आणि भाषण शब्दशः झाले. त्यात एका मुलाची हकिकत आहे. छडीवाचून मूल बिघडते असे मानणाऱ्या काळातली एक तरुण आई मुलाला पहिल्यांदाच मारायचे ठरवते आणि छडी शोधून आणायला त्यालाच बाहेर पाठवते. बऱ्याच वेळाने तो रडत परत येतो आणि म्हणतो, छडी काही सापडली नाही, पण हा दगड आहे, तो तू मला मारू शकतेस. आईला इजा करायची आहे, मग ती दगडानेही होईलच, एवढाच अर्थ त्याने काढला होता. त्या आईने मुलाला जवळ घेतले आणि तो दगड स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा ठेवून दिला.

भिंतीवर थोडा वेळ फक्त चमच्यांचा आवाज होता. मास्तरांनीही या हकिकतीवर काही म्हटले नाही, याची नोंद त्यांच्या बाजूने झाली पाहिजे.

पुढच्याच वर्षी, 1979 साली, मुलांना मारण्यावर घरातसुद्धा बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला. वकीलसाहेबांनी तत्काळ हरकत घेतली, की कायदे भाषणाने होत नसतात, त्या कायद्याची तयारी आधीपासूनच चालू होती. आणि आपल्याकडेही 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले आहेत. हे म्हणताना त्यांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी आपण त्याआधीच निवृत्त झालो असल्याचे निदर्शनास आणून दिले. स्वीडिश सरकारने नव्या कायद्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी पोहोचवली होती, असे ताईंनी सांगितल्यावर सीए म्हणाला, की आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर तारीख शोधायलाच भिंग लागते, कलम कुठून दिसणार.

पण मास्तर हरलेले नव्हते. नातीच्या झोपण्याची पद्धत बदलल्यापासून त्यांनी बाईंच्या आयुष्याचा कसून अभ्यास केलेला दिसत होता, आणि जे हाती लागले होते ते त्यांनी आवाज खाली आणून सांगितले. बाईंनी आपले पहिले मूल परक्या घरी ठेवले होते. अशी स्त्री जगातल्या मुलांची कैवारी कशी काय होऊ शकते?

घटना खरी आहे, आणि ताईंनी ती नाकारली नाही. त्यांनी ती फक्त पूर्ण सांगितली. विमरबी या छोट्या गावाजवळ खंडाने शेती करणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी गावच्या वर्तमानपत्रात उमेदवारी करीत असताना, अठरा वर्षांची असताना, तिथल्या संपादकापासून गरोदर राहिली. संपादक विवाहित होता, जवळजवळ तीस वर्षांनी मोठा होता आणि अनेक मुलांचा बाप होता. तिने त्याच्याशी लग्न करायचे नाकारले, गाव सोडून स्टॉकहोम गाठले, आणि 1926 च्या डिसेंबरमध्ये कोपनहेगनला जाऊन लार्सला जन्म दिला, कारण तिथल्या रुग्णालयात वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती नव्हती. मूल तिथेच एका दाईआईकडे राहिले. तुटपुंज्या पगारातून साठवून ती जमेल तेव्हा रेल्वेने त्याला भेटायला जाई. तो तीन वर्षांचा असताना दाईआई आजारी पडली, तेव्हा त्याला आधी स्टॉकहोमला आणि मग आजोळी आणले गेले. 1931 मध्ये स्टुरे लिंडग्रेनशी लग्न झाल्यावर तो कायमचा आईजवळ आला.

“दोष द्यायचा तर त्या संपादकापासून सुरुवात करा, सर,” ताई म्हणाल्या. “त्याची मुले तर त्याच्याच घरी होती, आणि त्याला कोणी विचारले नाही, की तू कसला बाप.”

इथे मी माझे मत नोंदवतो, कारण कट्ट्यावर मला बोलायला कोणी जागा दिली नाही. मास्तरांना वाटते की हा प्रसंग बाईंच्या पुस्तकांना बट्टा लावतो. मला तो पुस्तकांच्या आत सतत दिसतो. 1958 चा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार ज्या पुस्तकासाठी मिळाला, त्यातला रासमुस हा अनाथाश्रमातला पोरगा आहे. दत्तक घ्यायला येणारी माणसे दरवेळी कुरळ्या केसांच्या मुलीच निवडतात आणि याचे केस सरळ आहेत, म्हणून तो पळून जातो आणि आपले आईबाप आपणच शोधायला निघतो. 1954 च्या पुस्तकातला पोर दत्तक घरात नकोसा झालेला आहे आणि बागेतल्या बाकावर एकटा बसलेला आहे. आणि ती पिप्पी, जिच्या बळाचे आणि धनाचे आपण कौतुक करतो, तीही रात्री स्वतःच स्वतःला झोपी जायला सांगते, कारण सांगणारे दुसरे कोणी घरात नाही. मास्तरांची नात हे नक्की वाचून गेली असेल, आणि उशीवर पाय ठेवणे हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग असेल.

मास्तरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून 1973 च्या पुस्तकात दोन भाऊ मरतात आणि मरणानंतरच्या देशात गोष्ट घडते, हे पोरांना झेपणारे नाही, असा मुद्दा मांडला. “श्यामची आई काय शेवटी बरी होते?” एवढेच ताई म्हणाल्या, आणि तो मुद्दा तिथेच संपला.

सीए मात्र केव्हापासून कराच्या विषयाची वाट पाहत होता. त्याच्या दृष्टीने बाईंचे सर्वश्रेष्ठ साहित्य 3 मार्च 1976 च्या ‘एक्स्प्रेसेन’ या दैनिकात छापले गेले. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बाईंना आयकरही भरायचा होता आणि मालकाने भरायची सामाजिक वर्गणीही भरायची होती, आणि दोन्ही मिळून वाढीव कमाईवर 102 टक्के आकारणी होत होती. म्हणजे जास्त पुस्तके खपली तर खिशातून भर घालायची. बाईंनी तक्रारअर्ज केला नाही, एका गोष्टी लिहिणाऱ्या चेटकिणीची परीकथा लिहिली. अर्थमंत्री गुन्नार स्ट्रेंग यांनी संसदेत ती हसण्यावारी नेली आणि बाईंना हिशेब जमत नाही असे सुचवले. त्यावर बाईंनी सांगितले, की मंत्र्यांना गोष्टी चांगल्या सांगता येतात आणि हिशेब मला जमतो, तेव्हा आम्ही कामे बदलून घ्यावीत. हिशेब बाईंचाच बरोबर निघाला. सप्टेंबरमध्ये, चाळीसहून अधिक वर्षांच्या सत्तेनंतर, सोशल डेमोक्रॅट पक्ष निवडणूक हरला, आणि बाई जन्मभर त्याच पक्षाच्या मतदार होत्या.

वकीलसाहेबांनी, एका परीकथेने सरकार पडले हे विधान पुराव्यात टिकणार नाही, अणुऊर्जेचा प्रश्नही त्या निवडणुकीत पेटलेला होता, असे बजावले. त्यावर सीएने, ज्यांचे विवरणपत्र दरवर्षी शेवटच्या रात्री भरावे लागते त्यांनी पुराव्याच्या गोष्टी करू नयेत, असे उत्तर दिले. आणि मग गेल्या वर्षीच्या विलंबशुल्काचे जुने भांडण, ज्यात कागद आधी कोणी दिले नाहीत आणि फोन कोणी उचलला नाही हे दोन पोट-मुद्दे आहेत, पुन्हा साग्रसंगीत झाले. ताईंनी तेवढ्यात दुसरी प्लेट मागवून घेतली.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा सीएने निवाडा जाहीर केला. विषय मास्तरांनी काढला, हरलेही तेच, तेव्हा स्वीडिश पद्धतीने एकूण बिलाच्या 102 टक्के त्यांनीच भरावेत. ठेलेवाल्या भाऊने बिल 240 रुपये सांगितले.

“240 चे 102 टक्के म्हणजे 248,” सीए ठसक्यात म्हणाला.

मास्तरांनी चष्मा वर केला आणि क्षणभर त्याच्याकडे निरखून पाहिले.

“244 रुपये 80 पैसे,” ते म्हणाले. “हात पुढे कर.”

आणि ताईंसह आम्ही सगळे एवढे हसलो, की सीएने खरोखरच हात पुढे केला होता हे आधी कोणाच्या लक्षातच आले नाही.