ऑपरेशन झालं, मग गोळ्या कशाला?

विषय निघाला मन्याच्या वडापाववरून. वजन उतरवायला पोटाचा मोठा भाग कापून काढायचं 'स्लीव्ह' ऑपरेशन करून घेतल्यापासून हा गडी पाव बाजूला सारतो, वडा चमच्याने मोडत बसतो आणि चहा मागाहून घेतो. त्या दिवशी सुन्याने सहज विचारलं, "एवढा दमलेला का दिसतोस रे?" तेव्हा कळलं, पठ्ठ्याने बी-१२, लोह, कॅल्शियम सगळंच केव्हाचं बंद केलंय.

"शुगर नॉर्मल आहे, वजन उतरलंय. आता कशाला गोळ्या?"

विज्या एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, तो उखडलाच. "अरे, तुझं पाऊण पोट कापून काढलंय! बी-१२ शोषायला जे लागतं ते पोटातच बनतं. यकृतात साठा असतो म्हणून काही वर्षं कळत नाही. मग तळपाय बधिर व्हायला लागतात."

"ते पोटाचं बायपास केलेल्यांना होतं."

"त्यांना जास्त होतं. तुला होणारच नाही असं कुणी सांगितलं?"

सुन्याचं तुणतुणं सुरू झालं. "म्हणून म्हणत होतो, रोज पर्वती चढ. ऑपरेशन म्हणजे पळवाट."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. गुडघे गेलेल्या माणसाला पर्वती सांगायला काय जातं? भूक वाढवणारं घ्रेलिन मुख्यतः पोटाच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये निघतो. नुसत्या निग्रहाने ते कसं जमावं?

विज्याने स्वीडन काढलं. तिथे १९८७ पासून ऑपरेशन केलेले आणि न केलेले असे दोन्ही गट तपासत आले. ऑपरेशनवाले सरासरी ३ वर्षं जास्त जगले. मधुमेहींपैकी ७२ टक्क्यांचा मधुमेह २ वर्षांनी गेलेला होता, १० वर्षांनी मात्र ३६ टक्क्यांचाच.

"बघा! परत येतोच," सुन्या.

"ऑपरेशन न केलेल्यांत १० वर्षांनी तो आकडा १३ होता, ते पण बघ. आणि त्यातली बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची, स्लीव्ह नव्हतंच त्यात."

मला विचाराल तर दोघं भलत्याच मुद्द्यावर भांडत होते. मन्या हळूच म्हणाला ते खरं कारण: ऑपरेशनला मेडिक्लेम मिळाला, गोळ्या आणि रक्ततपासण्या खिशातून. पहिलं वर्ष पॅकेजमध्ये होतं तोवर हॉस्पिटलचे फोन यायचे, नंतर कुणी विचारलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'आयुष्यभर' असं लिहिलं होतं म्हणे. पण तो कागद फाइलीत आणि फाइल माळ्यावर.

"आणि घेत होतास तेव्हा लोहाची गोळी कशी घ्यायचास?" विज्याने विचारलं.

"सकाळी, चहाबरोबर. कॅल्शियमची पण तेव्हाच."

विज्याने कपाळावर हात मारला. चहाने लोह नीट शोषलं जात नाही, कॅल्शियमनेही अडतं. दोन्हींत दोन तास तरी अंतर हवं.

शनिवारी मन्याने रक्त द्यायचं ठरलंय: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, डी. सोबत सुन्या जाणार आहे. 'पळवाट' हा शब्द मागे घ्यायला मात्र तो अजून तयार नाही.