नळी काढल्यावर काय?
प्रोस्टेटचं, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं, ऑपरेशन झालं की दोन-तीन दिवसांत घरी, असं तुमच्या लेखात म्हटलंय. खरं आहे, पण घरी आल्यावरचंही सांगायला हवं होतं. आमच्या अण्णांचं मिरजेत लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून झालं. पोटावर टाका नाही, कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला. नंतर लघवीसाठी घातलेल्या नळीतून मूत्राशयात सलाइनचं पाणी सारखं आत-बाहेर. पिशवीत आधी कोकम सरबतासारखं लाल, मग फिकट. नळी काढल्यावर जळजळ, घाई, कधी कपड्यातच होणं, हे काही आठवडे चालतं. आणि 10-14 दिवसांनी आतल्या जखमेची खपली सुटते तेव्हा लघवी पुन्हा लाल होऊ शकते. अण्णा हबकलेच! थोडं असेल तर पाणी भरपूर प्यायचं. रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी तुंबली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. कुंथायचं नाही, जड उचलायचं नाही. द्राक्षाची छाटणी आली म्हणून तासगावला मोटरसायकल हाणत जायचं तर नाहीच.

आपल्याकडे कुणी बोलत नाही ते एक: या ऑपरेशननंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. बहुतेकांना होतं, अपाय काही नाही, पण मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला. रक्त पातळ करायची गोळी मात्र मनानं बंद करू नका. आणि काढलेला भाग तपासणीला जातो, तो रिपोर्ट मागून घ्या.