आधी पडायला शिकवा, गणवेश नंतर

एका लेखात वाचलं की महिना १००० रुपयांत मुलांना मार्शल आर्ट शिकवणं जमत नाही. मला हे पटत नाही. म्हापशातल्या एका क्लासात माझ्या मुलीचे निम्मे पैसे गणवेश नि दर ३ महिन्यांच्या बेल्ट परीक्षेतच गेले. पडावं कसं, हे मात्र कोणी शिकवलंच नाही! जिगोरो कानोंनी १८८२ साली सुरू केलेल्या ज्युडोत पहिला धडा तोच, उकेमी: हनुवटी छातीकडे, हात जमिनीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. पैसे थोडे असतील तर ते चांगल्या शिक्षकावर आणि मॅटवर घाला. कराटेचे पवित्रे पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूतही घोटता येतात. पावसाळ्यात गावच्या देवळाचा सभामंडप मिळतो का, कमिटीला विचारा. दातांचा गार्ड मात्र प्रत्येक मुलाला स्वतःचाच घ्या, तिथं काटकसर नको.