‘लाडाने आलेली चिडचिड’ की नैराश्य? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

मुलांमधील नैराश्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मतभेद मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की दहा-बारा वर्षांच्या मुलाला नैराश्य येईल असे आयुष्यात काही घडलेलेच नसते. चिडचिड, उलट उत्तरे आणि अभ्यासाचा कंटाळा हे लाडाचे परिणाम आहेत. आणि डॉक्टरांकडे नेले की गोळ्या सुरू होतात व मुलावर जन्माचा शिक्का बसतो.

लहान मुलाला नैराश्य येऊ शकत नाही, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक मनोविश्लेषकही मानत असत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली निदानाचे नवे निकष प्रसिद्ध केले, तेव्हा मोठ्यांचेच निकष मुलांनाही लागू झाले. मात्र मुलांच्या बाबतीत उदासीऐवजी सततची चिडचिड दिसू शकते, ही नोंद आजच्या निकषांतही आहे. म्हणजे ज्या चिडचिडीला आपण लाडाची खूण मानता, तीच कित्येकदा आजाराचे पहिले लक्षण असते.

मग फरक ओळखायचा कसा? माझ्या अनुभवात लाडावलेल्या मुलाला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की बहुधा कुरकुर थांबते. नैराश्यातल्या मुलाला मात्र काही हवेसेच वाटेनासे होते. शाळेच्या दिवशी सकाळी नेमके पोट दुखते म्हणून एका मुलाला माझ्याकडे आणले होते. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित होत्या. बोलता बोलता आई सहज म्हणाली, की दरवर्षी सहामाही संपायच्या आधीपासून किल्ल्यासाठी लाल मातीचा हट्ट धरणारा हा मुलगा या दिवाळीत वडिलांनी स्वतःहून माती आणली तरी जिन्यावरून उठला नाही. मावळ्यांचा खोका माळ्यावरून खालीसुद्धा आला नाही. मला पोटदुखीपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची वाटली. आवडीच्या गोष्टीतले मन उडणे, झोप व भूक बिघडणे, वाढत्या वयात अपेक्षित वजन न वाढणे, स्वतःला कुचकामी समजणे अशी लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस एकत्र दिसत असतील, तर त्याला नखरे म्हणून सोडून देता येत नाही.

आपण लिहिता, ‘घरच्यांना कळल्याशिवाय राहील का?’ दुर्दैवाने राहते, आणि त्यात आईवडिलांचा दोष असतोच असे नाही. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट या बेटावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा मुलांनी स्वतः सांगितलेले दुःख कित्येकदा त्यांच्या पालकांना आणि शिक्षकांना ठाऊकच नव्हते. म्हणूनच मुलाला एकट्याने, घाई न करता विचारावे लागते. ‘जगू नयेसे वाटते का’ हेसुद्धा स्पष्ट शब्दांत विचारावे लागते. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, अनेक मुलांना कोणीतरी विचारल्याचाच आधार वाटतो. वर सांगितलेल्या मुलाने बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा केला आणि मग म्हटले, “मी नसतो तर आईची कटकट वाचली असती.”

गोळ्यांविषयीची आपली भीती मला मान्य आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलांना दिल्या जाणाऱ्या नैराश्यविरोधी औषधांवर आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला, तो योग्यच होता. पण सौम्य आजारात सुरुवात समुपदेशनाने, झोपेची घडी बसवण्याने आणि घरातल्या व शाळेतल्या ताणाकडे लक्ष देण्याने होते. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा त्रास नाही ना, हेही आधी पाहिले जाते. औषध लागलेच, तर ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि पहिल्या काही आठवड्यांत वरचेवर तपासणी करून दिले जाते.

शिक्क्याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. ‘आळशी’, ‘कामचुकार’, ‘बिघडलेला’ हे शिक्के वर्गात निदानाच्या कितीतरी आधी बसतात, आणि त्यांच्यावर कसलाही उपचार नसतो. आपला शब्द आजही माजी विद्यार्थी आणि पालक मानतात, असे आपण लिहिले आहे. त्यांच्यापैकी कोणी आपल्याकडे अशा मुलाची तक्रार घेऊन आले, तर कृपया त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.