फ्लिप-फ्लॉप आणि पातळ भाजी

गोव्यात म्हार्दोळच्या नाक्यावरच्या हॉटेलात मी रोज सकाळी साडेसातला पातळ भाजी खायला जातो आणि साडेआठला उपाशी परततो. कारण एकच. मी चिपच्या धंद्यात आहे हे तिथे फुटलंय.

खरं तर मी चिप बनवत नाही. दुसऱ्याने केलेल्या डिझाइनमधल्या चुका शोधतो. त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात, आणि चिपच्या कामाचा मोठा वेळ त्यातच जातो, कारण एकदा सिलिकॉनवर नक्षी उमटली की खोडरबर चालत नाही. म्हणून आधी संगणकावरच्या चिपला महिनोन् महिने सरळ, वाकडे, विक्षिप्त, सगळे प्रश्न विचारायचे. जत्रेतल्या नाटकाची तालीम म्हणा. फक्त या तालमीत प्रॉम्प्टर मुद्दाम भलतंच वाक्य सांगतो आणि नट कुठे अडखळतो ते बघतो.

परवा मास्तरांनी विचारलं, "काय रे, या चिपच्या पोटात असतं तरी काय?"

मी पाव बशीत ठेवला. इथे चुकलो.

"बटणं. ट्रान्झिस्टर. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे २,३०० होते, आता तुमच्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी असतात. ते जोडून जोडून फ्लिप-फ्लॉप करतात."

"तो कोण?"

"एक बिट लक्षात ठेवतो. शून्य किंवा एक. क्लॉकचा ठोका पडला की दारात जे उभं असेल ते आत घेतो, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच धरून बसतो."

हॉटेल क्षणभर गप्प झालं. मग भाटकार म्हणाले, "म्हणजे आमदार."

झालं! २०१९ मध्ये १० जणांनी एकदम पक्ष बदलला, २०२२ मध्ये ८ जणांनी. ४० जणांच्या विधानसभेत हा वेग कुठल्या क्लॉकचा, यावर वीस मिनिटं गेली. (आमच्याकडे वाद मराठीत सुरू होतो आणि तापला की कोकणीत उतरतो. तो केव्हाच उतरला होता.) ठोका पडल्याशिवाय फ्लिप-फ्लॉप जागचा हलत नाही, असं मी जीव तोडून सांगत होतो.

"पण ठोका देतो कोण?"

"क्वार्ट्झचा स्फटिक."

"दिल्लीचा?"

मी विषय तैवानकडे वळवला. जगातल्या सगळ्यात प्रगत चिपांपैकी बहुतेक तिथे होतात, टीएसएमसी ही कंपनी १९८७ मध्ये निघाली, वगैरे. मास्तरांनी साल अचूक उचललं. "सत्त्याऐंशी! त्याच वर्षी ३० मेला आपल्याला घटकराज्य मिळालं. त्यांनी चिपा केल्या. आम्ही काय केलं?"

"कसिनो," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"मग तिथेही चिपाच असतात की," गल्ल्यावरून भाई.

मग गोव्यातही कारखाना काढायचा ठरला. जागा वेर्ण्याला की धारगळला इथवर गाडी गेली, तेव्हा मी पाण्याचं काढलं. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं, तेही बेसुमार. २०२१ च्या दुष्काळात तैवान सरकारने कितीतरी शेतकऱ्यांचं पाणी तोडलं, आणि कारखाने चालू राहिले.

"म्हणजे आमचं वायंगणाचं भात बंद?" भाटकारांनी कप आपटला. "आधीच म्हादईच्या पाण्याचं कर्नाटकाशी भांडण काय कमी आहे?"

कारखाना पाच मिनिटांत मोडला. वीज पुरेल का, एवढा एकच मुद्दा उरला होता, तोच वीज गेली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

आमच्या ऑफिसात डिझाइन फोडायला यंत्रांची रांग रात्रभर राबते. इथे तिघे आणि एक चहा पुरतो. एकदा वाटलं, यांनाच कामावर ठेवावं. पण मग माझी नोकरी जाईल.

उठणार तोच भाईंनी टीव्हीचा रिमोट माझ्यासमोर ठेवला. "चिपवाला ना तू? चार दिवस बंद आहे. बघ जरा."

मी मागचं झाकण काढलं. एक सेल उलटा बसलेला. सरळ केला, झाकण लावलं आणि ऐटीत रिमोट टीव्हीवर रोखला. बटण दाबलं.

"चालला?" मास्तरांनी विचारलं.

"वीज आल्यावर कळेल."

"म्हणजे तुलाही माहीत नाही," मास्तर म्हणाले, आणि माझ्या बशीतला पाव उचलून भाजीत बुडवला.