टॅपेट कव्हर गळतंय? सिलिकॉनची ट्यूब आधी खाली ठेवा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवरून आला: सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या आणि ट्रेकच्या. मजकूर साधारण असा:

"टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय? गॅरेजवाले उगाच हजारो रुपये उकळतात. घरीच अर्ध्या तासात काम होतं. कव्हर उघडा, जुन्याच पॅकिंगवर कडेकडेने भरपूर सिलिकॉन लावा, बोल्ट जमेल तेवढे गच्च आवळा. तरी झिरपलं तर जाड ऑइल भरा किंवा गळती बंद करायचं औषध टाका. आणि काहीच करायचं नसेल तर सोडून द्या, जुनी गाडी थोडी गळणारच."

यातली एक गोष्ट खरी आहे. काम घरी होतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून चार गाड्यांची पॅकिंग बदलली आहेत. पण त्या एका खऱ्या गोष्टीच्या भरवशावर लोक पुढचं सगळं खरं मानतात आणि काहीशे रुपयांच्या कामाचं इंजिन उघडायचं काम करून ठेवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी झाकणाखाली काय चालतं ते बघू. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याखाली कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरतो, ऑइल उडतं, शिंतडतं आणि हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या ठोकळ्यातल्या, वाटांनी परत खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत उतरतं. हेड आणि झाकण यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं. बहुतेक पेट्रोल इंजिनांत स्पार्क प्लग ज्या खोल भोकांत बसतात त्या विहिरींभोवती वेगळी गोल सीलं असतात. हे रबर रोज शंभर अंशांच्या आसपास तापतं आणि रोज थंड होतं. काही वर्षांनी त्याची उसळी संपते. नवं पॅकिंग दाबून सोडलं की परत फुगतं. जुनं दाबल्या आकारातच कडक होऊन बसलेलं असतं, बोटात वाकवलं तर कटकन मोडतं. उसळी गेलेल्या रबरावर काहीही लावलं तरी ती परत येत नाही. म्हणजे "जुन्याच पॅकिंगवर" हे शब्द आले तिथेच मेसेज फसला.

आता सिलिकॉन. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

पॅकिंग कव्हरच्या खाचेत बसतं. रबर दाबलं की आकाराने लहान होत नाही, बाजूला सरकतं. म्हणून खाच पॅकिंगपेक्षा किंचित रुंद ठेवलेली असते, दाबलेल्या रबराला पसरायला जागा हवी म्हणून. तीच जागा तुम्ही सिलिकॉनने भरली की रबराला जायला वाट उरत नाही. शिवाय ओलं सिलिकॉन बुळबुळीत असतं. बोल्ट आवळताना पॅकिंग त्यावरून घसरून खाचेबाहेर येतं, आणि कव्हर बसल्यावर ते तुम्हाला दिसतही नाही.

पण खरा धोका आतल्या बाजूला आहे. बाहेर जेवढं सिलिकॉन ओघळलेलं दिसतं, साधारण तेवढंच आतही दाबलं गेलेलं असतं. ते वाळून रबराच्या शेवया होतात. गरम ऑइलच्या माऱ्याने त्या सुटतात, ऑइलबरोबर चेंबरमध्ये उतरतात आणि ऑइल पंपाच्या तोंडावरच्या जाळीला जाऊन चिकटतात. जाळी चोंदली की पंपाला ऑइल ओढता येत नाही, बेअरिंग कोरडी पडतात. पॅकिंगच्या गळतीने इंजिन हळूहळू ऑइल गमावतं. जाळी चोंदली तर डिपस्टिकवर ऑइल पुरेपूर दिसत असताना इंजिन जातं.

सिलिकॉन कधीच लावू नये असं नाही. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या पुढच्या बाजूचं, चेनवरचं झाकण) आणि हेड जिथे भेटतात, तिथे दोन भागांमधला सांधा पॅकिंगखालून आडवा जातो. त्या कोपऱ्यांवर कंपन्याच सीलंटचा छोटा ठिपका लावायला सांगतात. कॅमशाफ्टच्या टोकाशी अर्धचंद्राकृती जागा असेल तर तिथेही. ठिपका म्हणजे मुगाच्या दाण्याएवढा. काही इंजिनांत तर रबरी पॅकिंगच नसतं, कारखान्यातच द्रव सीलंटची बारीक रेघ ओढलेली असते. तुमच्या इंजिनाला काय लागतं हे त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आणि हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन वाळतं, त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याला पुण्यात पावसाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ट्यूबवर दिलेला वेळ, बहुतेक वेळा पूर्ण एक दिवस, त्याला द्या.

"बोल्ट जमेल तेवढे गच्च आवळा."

हे वाचून बी विंगमधल्या एका मुलाने काय केलं ते सांगतो. रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "दादा, जरा खाली येता का?" खाली गेलो तर बॉनेट उघडं, चेहरा उतरलेला. चौथा बोल्ट आवळताना आधी घट्ट लागला, मग अचानक सैल फिरायला लागला. आटे गेले होते. बोल्टचे नाही, ॲल्युमिनियमच्या हेडमधले. त्यात हेलिकॉईल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी लागली, आणि गाडी टो करून न्यावी लागली ते वेगळंच. तो मुलगा निष्काळजी नव्हता. त्याने मेसेजमध्ये लिहिलं होतं तेच नीट केलं.

हिशोब बघा. हे बोल्ट सहसा सहा मिलिमीटर जाडीचे असतात, वर १० नंबरचा पाना लागतो. बहुतेक गाड्यांत त्यांना साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, सांगितलेला असतो. पाव मीटर लांबीच्या रॅचेटने १० न्यूटन-मीटर द्यायला टोकाशी चार किलोच्या वजनाएवढा जोर पुरतो, भाजीच्या पिशवीएवढा. धडधाकट माणूस तोच रॅचेट सहज वीस किलोच्या जोराने ओढतो. म्हणजे पाचपट. तेवढ्यात आटे जातात, बोल्ट तुटतो किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरला तडा जातो.

आणि बहुतेक गाड्यांत जास्त आवळून मिळतही काही नाही. या बोल्टना खांदा असतो किंवा भोकात धातूची नळी असते. बोल्ट त्या खांद्यावर टेकला की कव्हर त्यापुढे खाली जात नाही. पॅकिंग किती दाबायचं हे आखणाऱ्याने तिथेच ठरवून ठेवलेलं आहे. त्यानंतरचा सगळा जोर पॅकिंगवर न जाता हेडच्या आट्यांवर जातो. गळायला लागल्यावर "थोडे आवळून बघू" हा उपाय याच कारणाने लागू पडत नाही.

छोटा टॉर्क पाना घ्या, कमी रेंजचा. चाकाच्या नटांसाठी असतो तो इथे निरुपयोगी आहे, दहा न्यूटन-मीटरला त्याचा भरवसा नसतो. एकट्याने विकत घ्यायचा नसेल तर चौघांत मिळून घ्या, आम्ही तसंच केलं. आधी सगळे बोल्ट बोटांनी बसवा, मग मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटूनपालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एका टोकाकडून ओळीने आवळत गेलात तर दुसऱ्या टोकाला पॅकिंग उचललं जातं.

"अर्धा तास." मला पहिल्यांदा सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत वेळ लागला, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी आदल्या रात्रीपासून उभी. कव्हर उचलण्याआधी त्याच्या कडेची धूळ ब्रशने झाडायची. आपल्या शहरात किती ठिकाणी रस्ते खणलेले आहेत, बॉनेटखाली ती सगळी माती असते आणि कव्हर निघालं की सरळ कॅमशाफ्टवर पडते. प्लगला वीज देणाऱ्या कॉइलचे प्लॅस्टिकचे क्लिप उष्णतेने ठिसूळ झालेले असतात, घाईत मोडतात. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर प्लग खोलण्याआधी ते टिपून घ्यायचं, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरतं. चेन असलेल्या इंजिनात पुढची पोकळी स्वच्छ फडक्याने झाका. तिथे एक वॉशर पडला तर तो काढायला अख्खं टायमिंग कव्हर खोलावं लागू शकतं.

मग साफसफाई. कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. हेडची कड आणि कव्हरची खाच, दोन्हींवर जुन्या रबराचा किंवा कुणीतरी आधी लावलेल्या सिलिकॉनचा कण राहता कामा नये. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, धागे न सुटणारं फडकं वापरा. पॉलिश पेपर किंवा ड्रिलवरची घासणी अजिबात नको. तिची पूड ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंगला खाते.

पॅकिंग आणायला नाना पेठेत जाणार असाल तर गाडीचं नाव आणि साल एवढ्यावर भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी इंजिन बदललेलं असतं. आरसीवरचा चेसिस नंबर न्या, आणि प्लगची सीलं त्याच सेटमध्ये आहेत ना हे विचारा. ती जुनीच ठेवली तर बाहेरून गळती थांबते, पण विहिरीत ऑइल उतरत राहतं, कॉइलचं रबर फुगतं आणि गाडी मिसिंग करायला लागते.

हे काम कुठल्या गाडीवर करू नये, याबद्दल मेसेज एक शब्द बोलत नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये (यात डिझेल प्रचंड दाबाने फवारलं जातं) इंजेक्टर आणि त्यांच्या नळ्या वाटेत असतील तर हात घालू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, आणि काही कंपन्या एकदा खोललेली नळी परत वापरू नका असं स्पष्ट सांगतात. कव्हरवर इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग, चढलेला असेल, तर पहिलंच काम म्हणून ही गाडी निवडू नका. काही प्लॅस्टिक कव्हरमध्ये पीसीव्ही, म्हणजे इंजिनातला गॅस परत इनटेकला सोडणारा व्हॉल्व्ह, आतच बसवलेला असतो आणि तो गेला की अख्खं कव्हर बदलावं लागतं. वॉरंटीतली गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला.

पीसीव्हीचा विषय निघालाच आहे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतोच. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकला जातो. ही वाट काजळीने बुजली की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. असं असेल तर नवं पॅकिंगही थोड्या महिन्यांत पाझरेल, आणि दोष पॅकिंगला दिला जाईल. वेगळा निघणारा साधा व्हॉल्व्ह असेल तर काढून कानाशी हलवा. खुळखुळला नाही तर बदला. पाइपही बघून घ्या.

आणि गळती टॅपेट कव्हरचीच आहे का? ऑइल वरून खाली ओघळतं, त्यामुळे कव्हरची गळती चेंबरची वाटते. उलट ऑइल भरायच्या टोपणाची किंवा सेन्सरच्या ओ-रिंगची गळती कव्हरची वाटते. थंड इंजिन पुसून कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, एक फेरी मारून या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली, तिथे गळती.

जाड ऑइल आणि औषध यांचं लवकर उरकतो. कव्हरखाली ऑइल दाबाने येत नाही, शिंतोड्यांनी येतं. जाडीने ती फट बुजत नाही. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलसाठी आखलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वर पोहोचायला वेळ लागतो, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबाने बदलणाऱ्या यंत्रणेची चाल बिघडते. औषध रबर थोडं फुगवतं. कडक होऊन तडकलेल्या पॅकिंगला त्याने टिकाऊ उपयोग होत नाही.

राहिलं "सोडून द्या". हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. कव्हरवरून ओघळलेलं ऑइल पुष्कळ गाड्यांत थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर पडतं. कात्रजचा घाट चढताना केबिनमध्ये जळका वास येतो तो त्याचा. मॅनिफोल्ड काही शे अंश तापतो, आणि अशा ऑइलने बॉनेटखाली आग लागू शकते. जे मॅनिफोल्डवर पडत नाही ते रस्त्यावर पडतं. या शहरात दुचाकीवर किती माणसं असतात हे आपण रोज बघतो. जूनच्या पहिल्या सरीत सिग्नलला ब्रेक लावताना ज्या थरावरून चाक सरकतं, त्यात आपल्या गाडीचे थेंब असतात. मागे बसलेलं मूल कुणाचंही असू शकतं.

काम झाल्यावर इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवून टॉर्चने चारी कडा बघा. मग जुन्या कात्रज बोगद्यापर्यंत जाऊन या आणि थंड झाल्यावर परत बघा, विशेषतः मागची कड, जी सहसा नजरेआड राहते. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक तपासा.

ज्यांनी मेसेज वाचून सिलिकॉन आधीच भरलंय, त्यांनी ऑइल भरायचं टोपण काढून टॉर्चने आत बघा. कडेला लोंबणाऱ्या शेवया दिसल्या तर कव्हर परत उघडून साफ करा, त्या सुटायची वाट बघू नका. आणि चालत्या गाडीत ऑइल कॅनचा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तर बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा. "घर दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून चालवत नेऊ नका. टो करून न्या, आणि चेंबर उतरवून पंपाची जाळी साफ करायला सांगा.