वायंगणी, आमची काकी आणि आजचं चर्चासत्र

आज एका चर्चासत्राला जाऊन आलो. डोकं तापलंय, तेव्हा पोस्ट लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

बॅनरवर विषय होता 'मानव्यविद्यांतील सहकार्यातून सांस्कृतिक साक्षरता'. सहकार्य कोणाचं? भाषेचे प्राध्यापक, इतिहासाचे प्राध्यापक, समाजशास्त्राचे प्राध्यापक. एकमेकांना शाल, एकमेकांना श्रीफळ. (नारळ मात्र इथलाच असावा.) स्वागताला दशावतारातल्या एका कलाकाराला बोलावलं होतं. त्याने गणपती नाचवला, टाळ्या पडल्या, मग त्याला मागच्या रांगेत बसवलं. नाईकाने, म्हणजे दशावतार कंपनीच्या म्होरक्याने, संध्याकाळी आख्यान लावून दिलं की हा माणूस हातात लिहिलेला एक कागद नसताना पहाटेपर्यंत संवाद बोलतो. त्याला माइक नाही. आणि नंतर 'मौखिक परंपरा' या विषयावर निबंध वाचला गेला. वाचला! मान वर न करता!

मला तिथे बसल्या बसल्या आमचा मोडी कागद आठवत होता. जुन्या मित्रांनी हा किस्सा ऐकलाय, पुन्हा ऐका.

पणजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे मोडी कागद निघाले. एका जाणकार सरांकडे त्यातला एक दिला. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचं कोणाला पडलेलं नसतं. म्हणजे अक्षर लागलं तरी शब्द लागेलच असं नाही. सरांनी नेटकं लिप्यंतर करून दिलं. त्यात 'वायंगणी' आलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपली वायंगणी गावात जमीन आहे. चुलतभाऊ गाडी काढून वायंगणीला गेला! सातबारे शोधले. आमच्या नावाचं काही नाही. घरात दोन महिने 'कोणीतरी लाटली' हा एकच विषय.

मे महिन्यात शेजारच्या काकीला सहज सांगितलं. ती रातांबे (कोकमाची फळं) फोडत बसली होती, कोपरापर्यंत हात लाल. मानही वर केली नाही तिने. "गाव खंयचो रे झिला! पावसाळी भात कापल्यार त्याच कुणग्यात दुसऱ्यांदा करतत ता वायंगण. व्हाळाक पाणी आसला तर. तुमचे तीन कुणगे खालच्या व्हाळाकडेच नाय काय!"

म्हणजे वायंगणी हे गाव नव्हेच, दुसऱ्या भाताची जमीन. (कुणगा म्हणजे भाताचा वाफा, व्हाळ म्हणजे ओढा.) संपलं. दोन महिन्यांची भाऊबंदकी एका वाक्यात मिटली.

हां, मान्य, सर नसते तर काकीच्या लेखी तो कागद म्हणजे मुंग्यांची रांग. आणि सर माणूस म्हणून सोन्यासारखे. मी फोन केला तर हसले, स्वतःची चूक कबूल केली, म्हणाले थांबा, वही घेतो. काकीचं वाक्य शब्दशः उतरवून घेतलं. 'कुणगा' पुन्हा विचारला. सहकार्य म्हणतात ते हे. त्याला बॅनर लागत नाही.

आणि हे काही आजचं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. साहेबाच्या नावाने ओळखला जातो, पण कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळींची अख्खी फौज त्यामागे राबली होती, आणि कोकणातल्या शब्दांना कोकणचे म्हणून वेगळी खूण आहे त्यात. आपल्या कोकणातल्या कातळशिल्पांचं, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांचं बघा. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, आपल्याकडची कुडोपी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. शोधणाऱ्यांनी गावोगाव सडे (कातळाची पठारं) पालथे घातले, गुराख्यांना विचारलं. सड्यावर गुरं घेऊन रोज फिरणाऱ्याला ती चित्रं आधीपासून माहीतच होती, त्याला कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

पण काकीसारख्यांना निबंधात काय म्हणतात माहितीय? 'माहितीदाता'. स्त्री, वय ७८, शिक्षण चौथी. नाव नाही! ज्या बाईच्या एका शब्दावर तुमचा निष्कर्ष उभा, तिचं नाव नाही, आणि संदर्भसूचीत तुमचे गाईड, गाईडचे गाईड. संताप येतो. सगळे असे नसतात, ठाऊक आहे. माझ्या यादीतले प्राध्यापक मित्र लगेच चिडतील. चिडा. काकीला चहाला बोलवा आणि मग चिडा.

असो. लिहिता लिहिता जरा शांत झालो.

ट्रंकेत अजून अकरा कागद आहेत. रविवारी सरांना काकीच्या पडवीवरच बोलावलंय. ते मोठ्याने वाचतील, ती ऐकेल, मी लिहून घेईन. खाली दोघांची नावं येणार, आधी काकीचं. मानधनाचं पाकीट दोघांना सारखं. काकी ते माझ्या अंगावर फेकेल, ते मी बघून घेईन.

तिला हे सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने आणि एकच विचारलं.

"ते मासे खातत मां?"